आजारातून परतणाऱ्या गायकाला पाऊण तास मोकळा ठेवा : संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील संगीत महोत्सवांचे आयोजक, गावोगावची संगीत मंडळे आणि सांस्कृतिक कार्य संचालनालय

स. न. वि. वि.

येत्या मोसमाची करारपत्रं कलाकारांच्या हाती पडू लागली आहेत. त्यातल्या काहींत यंदा एक नवं कलम आहे. मुख्य कलाकाराने किमान ७५ मिनिटं गायलं पाहिजे, त्याहून कमी झालं तर बिदागी त्या प्रमाणात कापली जाईल. शिवाय प्रकृतीच्या कारणाने कार्यक्रम रद्द झाला, तर आगाऊ दिलेली सगळी रक्कम आठ दिवसांत परत करायची. कलम सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं तुम्ही म्हणाल. धडधाकट गायकाला ते जाणवणारही नाही. क्षयातून, फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेतून किंवा अतिदक्षता विभागातल्या नळीतून उठून जो पुन्हा तंबोरे जुळवायला बसला आहे, त्यालाच ते दारात अडवणार आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहोत, आणि रसिकांनाही वाचता यावं म्हणून उघडं लिहितो आहोत.

आम्ही गायकाच्या मागे आणि बाजूला बसणारी माणसं. तंबोरा, पेटी, तबला हे आमचं काम. आमच्यात आवाजावर आणि श्वसनावर उपचार करणारेही काही जण आहेत. गायक परतला नाही तर आमच्याही तारखा जातात, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याहून मोठं नुकसान श्रोत्यांचं होतं, हे तुम्हाला कुमार गंधर्वांच्या उदाहरणावरून दाखवायचं आहे. त्यांचं नाव तुम्हीच सर्वांत जास्त घेता.

२०२३-२४ हे कुमारजींचं जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी व्यासपीठाव्यासपीठांवरून देवासची कहाणी सांगितली गेली आणि तिच्यात ‘चमत्कार’ हा शब्द हटकून आला. चमत्कार म्हटलं की पुढच्या माणसासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. म्हणून काय घडलं ते नीट सांगायला हवं. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. वीस-बावीस वर्षांचे असतानाच देशभर नाव झालं आणि ऐन तेविशीत क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुरुवातीला ते माळव्यात, देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पत्नी भानुमतीबाईंनी तिथल्या शाळेत नोकरी धरली आणि घर चालवलं. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडलं होतं, पण आपल्याकडे ते सहजी मिळत नव्हतं. ते मिळालं आणि आजार हटला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं. पुन्हा मैफल झाली ती १९५३ मध्ये.

म्हणजे औषध, घरात येणारा एक पगार, मानवणारी हवा आणि पाच वर्षं. चमत्काराच्या आत एवढी व्यवस्था होती. त्या पाच वर्षांत खाटेवर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली, ती लिहून ठेवली गेली. मालवती, संजारी, मघवा, लगनगंधार हे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग त्याच ऐकण्यातून निघाले. परतल्यावर कुमारजी जवळजवळ चार दशकं गायले. १२ जानेवारी १९९२ रोजी ते गेले, त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. १९५३ नंतरचं हे सगळं वजा केलं, तर आपल्या हाती एका हुशार मुलाच्या काही तबकड्या उरतात.

त्यांचं तुकड्यातुकड्याने, झळाळत येणारं गाणं केवळ आजाराने घडवलं, असं आम्ही म्हणणार नाही. ते त्यांच्या बुद्धीचं गाणं होतं आणि ते विलंबितही, म्हणजे संथ लयीतही, गायले. पण जेवढा श्वास उरला आहे तेवढ्यात स्वरवाक्य पुरं कसं करायचं, दोन वाक्यांमध्ये तंबोऱ्याला बोलू कसं द्यायचं, हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी त्यांची ध्वनिमुद्रणं श्वास मोजत ऐकावीत.

आता ७५ मिनिटांच्या कलमाकडे येतो, कारण ते श्वासाचं गणित न मांडताच लिहिलेलं दिसतं.

उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. एकूण कामाचा साधारण ५५ टक्के वाटा उजवं उचलतं, ४५ टक्के डावं. क्षय बरा होतो तेव्हा जंतू मरतात, पण फुप्फुसाचा जो भाग व्रण होऊन आक्रसला तो पुन्हा फुगत नाही. दमसास मोजण्याची सोपी पद्धत अशी. पूर्ण श्वास घ्यायचा आणि सहज पट्टीत ‘आ’ धरायचा. निरोगी प्रौढ माणूस १५ ते २५ सेकंद धरतो, मुरलेला गायक त्याहूनही जास्त. दहाच्या खाली आकडा आला तर उपचारकाकडे जायला हवं. फुप्फुसाच्या आजारातून उठलेला गायक सुरुवातीला आठ-नऊ सेकंदांवर असला तर त्यात नवल नाही.

आता हे आठ-नऊ सेकंद तालात बसवून पाहा. बारा मात्रांच्या अतिविलंबित एकतालात मिनिटाला १२ ते १५ मात्रा चालतात. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ ते ६० सेकंदांचं होतं. त्यात या गायकाला सहा-सात वेळा श्वास घ्यावा लागतो आणि दोन मात्रांमधली पोकळी एवढी मोठी असते की प्रत्येक श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. तोच गायक सोळा मात्रांच्या मध्यलय तीनतालात बसवा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर आवर्तन आठ सेकंदांचं. नवव्या मात्रेवरून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला की समेपर्यंत, म्हणजे पहिल्या मात्रेपर्यंत, चार सेकंद. श्वास तालाच्या सांध्यावर आपोआप पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा लयीत ३५-४० मिनिटांत एक राग अब्रूने मांडता येतो. ७५ मिनिटांची अट घातली की गायकाला विलंबितातला बडा ख्याल घ्यावाच लागतो, कारण मध्यलयीत एवढा वेळ भरून काढायचा तर तानांचा मारा करावा लागतो आणि तो त्याला विलंबिताहूनही महाग पडतो.

महाग कसा, तेही सांगतो. श्वास संपत आला की छातीतून येणारा दाब कमी होतो आणि लांब धरलेला स्वर शेवटाकडे उतरतो. तो उतरू नये म्हणून गायक गळा आवळतो. खांदे वर येतात, मानेच्या शिरा ताठ होतात. स्वर जागेवर राहतो, पण स्वररज्जू एकमेकींवर आपटू लागतात. त्या रात्री काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बसतो, आणि सुजेवर तसंच गात राहिलं तर पंधरा दिवसांचा रियाज जातो. तंबोऱ्यावर बसणाऱ्याला हे सगळ्यांत आधी समजतं. पंचमाच्या तारेशी गायकाचा पंचम भांडायला लागला की आम्ही ओळखतो, आता थांबायला हवं. ते थांबणं तुमच्या करारात बसत नाही.

अशा गायकाचा रियाज कसा असतो हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे ऐन वेळी ‘अजून एक ठुमरी होऊ द्या’ असा आग्रह होणार नाही. सुरुवातीला गाणंच नसतं. फुप्फुसांचं पुनर्वसन असतं. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते बारा आठवडे. प्रगती पाहायला सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू किती उतरतो ते बघतात. मग आवाज. पेल्यात पाणी घेऊन त्यात पाच-सहा मिलिमीटर व्यासाची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि तिच्यातून बुडबुडे काढत ‘ऊ’ धरायचा. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाण्याचा उलटा दाब स्वररज्जूंना आधार देतो, त्या कमी ताकदीत कंप पावतात. नळी जास्त खोल गेली तर उलट जोर लागतो, म्हणून पेला अर्धाच भरावा. त्यानंतर गुंजन, मग मध्य सप्तकात सा ते प. खर्ज, म्हणजे खालचे स्वर, उशिरा घ्यायचा, कारण खर्जाला हवा जास्त लागते. चाळीस मिनिटांची एक बैठक मारण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या चार बैठका. दोन बैठकांमध्ये बोलणंसुद्धा कमी.

पुष्कळदा पट्टी अर्ध्या स्वराने उतरवावी लागते. ऐकायला साधी गोष्ट वाटते. पण पेटीच्या काळी एकवरून पांढरी एकवर यायचं तर तंबोऱ्याच्या तारा सैल पडतात, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, पुन्हा बसवावी लागते आणि साडेपाच इंची तबल्याऐवजी पावणेसहा-सहा इंचाचा लागतो. ऐन वेळी स्थानिक तबला आणला की तो वर ओढलेला असतो. मग गायक मुकाट्याने जुन्या पट्टीत गातो. पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे.

औषधांचीही एक बाजू आहे, आणि ती आयोजकांइतकीच डॉक्टरांनीही लक्षात घ्यावी. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच जातीतलं अमिकासिन ही इंजेक्शनं आतल्या कानाला इजा करू शकतात. ऐकण्यातले वरचे स्वर आधी जातात. बोलणं नीट ऐकू येतं, त्यामुळे रुग्ण तक्रार करत नाही. गायकाला मात्र तंबोऱ्याची जवारी बोथट वाटू लागते, तारेतून सुटणारे बारीक स्वयंभू स्वर हरवतात. गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही. म्हणून असं इंजेक्शन सुरू करण्याआधी आणि नंतर दर महिन्याला कानाची तपासणी हवी, आणि संगीतकारासाठी ती ८००० हर्ट्झच्या पुढेही व्हावी. आता साध्या क्षयाला इंजेक्शन लागत नाही. सहा महिने तोंडाने औषधं असतात. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. पण त्यातल्या आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात लिनेझोलिड देतात, त्याने तर बोटांची संवेदनाच कमी होऊ शकते. तबलजीला चाटेवरचं, म्हणजे तबल्याच्या कडेवरचं, बोट समजेनासं झालं, सतारियाला तार टोचेनाशी झाली, तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायला हवं. आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन देतात ते याचसाठी. आपण वाद्य वाजवतो हे रुग्णाने पहिल्याच भेटीत सांगावं. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘खाजगी नोकरी’ लिहिलं गेलं की ही तपासणी कुणाच्या डोक्यातच येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचा दुसरा घाव तोलावर पडतो. तोल गेलेला माणूस उजेडात डोळ्यांच्या आधाराने सावरतो, अंधारात पडतो. तुमच्या मंचाच्या मागच्या पायऱ्या आठवून पाहा. प्लायवुडच्या, कठड्याशिवायच्या. समोरचा प्रकाश चांगला दिसावा म्हणून मागचे सगळे दिवे मालवलेले. हाताशी वायरी पसरलेल्या. एक कठडा आणि पायऱ्यांवर एक दिवा, एवढंच मागतो आहोत.

मंचावरच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. धुराचं यंत्र नको. त्यातलं द्रावण व्रण असलेल्या श्वासनळीला झोंबतं आणि खोकला सुरू झाला की दहा मिनिटं जातात. उदबत्ती आणि धूप गायक बसण्याआधी विझवा. मैदानात डासांसाठी धुरळणी करायची असेल तर आदल्या दिवशी करा. सतरंजी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी झटका, गायक येऊन बसल्यावर नको. मांडी घालून बसलं की पोट दाबलं जातं आणि श्वासपटल खाली उतरायला जागा उरत नाही. चार-सहा इंचांची घट्ट बैठक खाली दिली तर फरक पडतो. कुणी खुर्चीवर बसून गायलं तर त्याला बैठकीचा अपमान समजू नका. गायकाच्या बाजूचा ध्वनिवर्धक नीट लावा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर करतो.

आणि वेळ. सात वाजता सांगून साडेदहाला बसवणं ही आपल्याकडची जुनी खोड. धडधाकट माणूस ती सोसतो. फुप्फुसात कफ साठणाऱ्या गायकाला गाण्याआधी अर्धा-पाऊण तास वाफ, विशिष्ट अंगस्थितीत झोपून कफ काढणं आणि मग आवाज तापवणं, एवढं करावं लागतं. तीन तास उशीर झाला की हे सगळं वाया जातं, कफ पुन्हा साठतो, जेवणाची आणि औषधाची वेळ टळते. तापवलेला आवाज ग्रीनरूमच्या वातानुकूलनात निवून जातो.

संसर्गाच्या भीतीबद्दलही स्पष्ट बोलू. साध्या क्षयात औषधं लागू पडली की बहुतेक रुग्णांकडून होणारा संसर्ग साधारण दोन आठवड्यांत थांबतो. तरीही थुंकीची तपासणी स्वच्छ येईपर्यंत बंद खोलीत गाऊ नये, असंच आम्हीही सांगतो, कारण गाताना तोंडातून बारीक थेंब बोलण्यापेक्षा जास्त उडतात. पण ज्याचा उपचार पूर्ण झाला आहे, त्याच्यासाठी वेगळा पेला, वेगळी गाडी आणि ‘दुसरा साथीदार बघतो’ अशी कुजबुज चालते, ती थांबली पाहिजे. आमच्यातल्याही काहींनी असं केलं आहे. त्याबद्दल त्या कलाकारांची माफी आम्ही या पत्रातच मागतो.

निवेदनात आजाराचा उल्लेख कलाकाराच्या परवानगीशिवाय करू नये. ‘मृत्यूच्या दारातून परत आलेले’ असं म्हटलं की सभागृह गाण्याऐवजी श्वास ऐकायला लागतं. आणि गायनाला न बोलावता सत्काराला बोलावणं, शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवणं, यात तुमचा हेतू चांगला असेल, पण गाऊ शकणाऱ्या माणसाला ते फार लागतं.

संचालनालयाला उद्देशून पैशाचं बोलतो. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल असण्यापुरतं आणि घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांपुरतं. क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, तेही उपचार चालू असेपर्यंत. गायकाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. श्वसनाचे व्यायाम, आवाजाचा उपचारक, कानाची तपासणी, यांतलं काहीच या मदतीत बसत नाही. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन वय झाल्यावर मिळतं. तेविशीत आजारी पडलेल्याने कुठे जायचं? देवासला घरात एक पगार होता. आज शिकवण्या आणि मैफली यांवर जगणाऱ्या कलाकाराच्या घरात, आजारपणात दोन्ही एकाच दिवशी बंद होतात.

आमच्या मागण्या अशा :

७५ मिनिटांचं कलम काढावं, किंवा वैद्यकीय कारण असलेल्या कलाकाराला त्यातून वगळावं. प्रत्येक महोत्सवात निदान एक सत्र ३५ ते ४५ मिनिटांचं ठेवावं, त्याची बिदागी पूर्ण द्यावी आणि त्याची वेळ कलाकाराशी बोलून ठरवावी. अशा सत्राला अर्ध्या तासाहून जास्त उशीर होऊ देऊ नये. होणारच असेल तर कलाकार घरातून किंवा उतरल्या ठिकाणाहून निघण्याआधी कळवावं.

डॉक्टरांचा दाखला असेल तर आगाऊ रक्कम परत मागू नये, तीच पुढच्या तारखेसाठी धरावी. साथीदारांच्या रकमेलाही हाच नियम लावावा. तंदुरुस्तीचा दाखला मागायचाच असेल तर ‘उपचार पूर्ण’ एवढा शेरा पुरेसा मानावा. आजाराचं नाव, क्ष-किरण चित्रं, अहवाल मागू नयेत.

मंचाच्या पायऱ्यांना कठडा आणि दिवा हवा, गायन चालू असताना धूर नको, कलाकाराने कळवलेल्या पट्टीचा तबला आणि तंबोरे आदल्या दिवशी हजर हवेत. हे मुद्दे करारपत्राच्या मागच्या पानावर छापावेत, म्हणजे प्रत्येक वेळी कलाकाराला हात जोडावे लागणार नाहीत.

संचालनालयाने वयाची अट नसलेली, उपचारानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांसाठीची मदत सुरू करावी. तीत पुनर्वसन, आवाजाचे उपचार आणि कानाची तपासणी यांचा खर्च धरावा. वादकांच्या हातांच्या उपचारांनाही ती लागू असावी.

करारपत्रांवर सह्या दिवाळीच्या आत होतात. त्याआधी कलम मागे घेतल्याचं किंवा बदलल्याचं लेखी कळवावं. बदललेल्या कलमाचा मसुदा हवा असेल तर आम्ही करून देऊ, आणि मंचाची पाहणी करायला बोलावलंत तर स्वतःच्या खर्चाने येऊ.

आपले,
साथीला बसणारे काही वादक आणि आवाजावर, श्वसनावर काम करणारे काही उपचारक